साक्षी कोण आणि सांभाळणारा कोण?

ज्याच्या हृदयाची गती मंदावते, त्याच्या छातीच्या कातडीखाली, खांद्याजवळ, डॉक्टर एक लहानसे यंत्र बसवितात. त्यास पेसमेकर म्हणतात. शिरेतून नेलेल्या तारेने ते हृदयाशी जोडलेले असते आणि ठोका चुकू लागला की विजेची बारीकशी चालना देऊन हृदयाला जागे करते. आता याच्या पुढची पायरी आली आहे. काही पेसमेकर रुग्णाच्या मोबाइलमधील अ‍ॅपशी ब्लूटूथने बोलतात आणि अ‍ॅप ती नोंद इंटरनेटवरून रुग्णालयाकडे धाडते. रुग्ण खेड्यात, डॉक्टर शहरात. हृदयाची खबर मात्र घरबसल्या पोहोचते. सोय थोर आहे यात संशय नाही. पण तिच्यामागून एक प्रश्न येतोच. आपल्याकडे कोणी पाहत आहे, एवढ्यावर माणसाने निर्धास्त व्हावे काय? आणि जो पाहतो, त्याच्या शिरावर सांभाळण्याचा भार येतो की नाही?

प्रथम या यंत्राचा उपकार मान्य करू. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, कारोलिन्स्का रुग्णालयात, आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला गेला. तो बनविला रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने आणि बसविला ऑके सेनिंग या शल्यवैद्यांनी. लार्सन यांच्या पत्नीने या दोघांचा पिच्छाच पुरविला होता, म्हणून हे घडले. ते यंत्र काही तासच चालले, बरे का! पुढे त्यांना वीसावर यंत्रे बदलावी लागली. तरी ते २००१ पर्यंत जगले आणि ज्यांनी त्यांना वाचविले त्या दोघांच्याही मागे राहिले. यंत्र थांबले, पण पत्नी, वैद्य व अभियंता ही माणसे थांबली नाहीत, म्हणून हा जीव तरला.

यावर कोणी म्हणेल, “तेव्हाची गोष्ट वेगळी. आता अ‍ॅप आहे, काही झाले तर डॉक्टरांना कळेलच.” तर या ‘कळेलच’मध्येच घोटाळा आहे. शेतातला जागल्या हाक देतो, पण हाक ऐकून उठणारा कोणी नसेल तर कणसे जायची ती जातातच. अ‍ॅप हा असा जागल्या आहे. तो साक्षी आहे, रक्षक नव्हे. पुष्कळ ठिकाणी आलेल्या नोंदी कामाच्या वेळेतच पाहिल्या जातात. रात्रंदिवस कोणी त्यांवर डोळा ठेवून बसलेले नसते. म्हणून छातीत कळ आली, घेरी आली, तर “अ‍ॅपने कळविले असेल” म्हणून वाट पाहत बसू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा. साक्षी नेमला म्हणून आपले कर्तव्य सुटत नाही.

दुसरी शंका याच्या उलट बाजूची. “आपल्या हृदयाचे गुपित परक्याच्या हाती का द्यावे?” ही भीती अगदीच पोकळ नाही. २०१६ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात एका गृहस्थाचे घर जळाले. पोलिसांनी रीतसर परवाना काढून त्याच्या पेसमेकरच्या नोंदी मिळविल्या आणि त्यांचाही आधार घेऊन घर जाळल्याचा आरोप त्याच्यावरच ठेवला. २०१७ साली न्यायाधीशांनी तो पुरावा ग्राह्य धरला. खटला चालण्यापूर्वीच तो वारला, तेव्हा खरेखोटे ठरले नाही. पण माणसाचे स्वतःचे हृदय त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहू शकते, एवढे त्यातून दिसले.

मग ही सोय टाकून द्यावी काय? नाही. हृदयाची नोंद ही ठेव आहे असे समजावे. ठेव ठेवणाऱ्याने ती कोणापाशी जाते, कोण पाहतो, किती दिवसांनी पाहतो, हे संमती देण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात लाज कसली? आणि ठेव घेणाऱ्यावर बंधने दोन. ती दुसऱ्याला वाटायची नाही आणि कोनाड्यात विसरायचीही नाही. ज्याला कळलेच नाही तो एक वेळ सुटेल. कळून जो उगा राहिला त्याचा दोष मोठा.

हेच घरच्या माणसांनाही लागू आहे. मुलगा अ‍ॅप बसवून देतो आणि मग महिना महिना फोन करीत नाही, म्हणतो, “नोंद जाते ना, मग विचारायचे काय?” अहो, नोंदीत ठोके येतात, आईला रात्री भीती वाटली, बाप जेवला नाही, हे कोठे येते? खबर मिळणे वेगळे आणि खबर घेणे वेगळे.

पेसमेकर असलेल्या वारकऱ्याने तर हे ध्यानी धरावेच. वारीत मोबाइलची बॅटरी संपली तर खबर जाणे थांबेल, पेसमेकर थांबणार नाही. तेव्हा घाबरू नये. मोबाइल बंडीच्या वरच्या खिशात, यंत्राच्या लगत ठेवू नये. वीतभर अंतर राखावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि दिंडीतल्या दोघाचौघांना आपल्या यंत्राची गोष्ट आधीच सांगून ठेवावी. वाटेत तोल गेला तर अ‍ॅप लांबच्या रुग्णालयाला कळवील न कळवील, हात धरील तो शेजारी चालणाराच.

असो. साक्षीला साक्षीचे काम करू द्यावे. सांभाळण्याचे काम माणसाचे आहे, ते त्याने यंत्रावर ढकलू नये.