‘वेठ’ : एका शब्दाचे पक्षांतर

राजकीय आशयाच्या शब्दांचे अर्थ कालौघात बदलतात, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने स्वाभाविकच होय. परंतु तो बदल कोणाच्या पक्षी पडतो, हा प्रश्न नैतिक आहे. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला ‘वेठ’ हा शब्द या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

डहाणू तालुक्यातील कैनाडपासून आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरीपर्यंतच्या वारली टापूत ‘वेठ’ म्हणजे जमीनदाराने बळाने, मोबदल्यावाचून करवून घेतलेले काम. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. आज मात्र आपल्या वृत्तपत्रांत संपकरी ‘जनतेला वेठीस धरतात’. श्रम लुटणाऱ्यासाठी असलेला वाक्प्रचार श्रम नाकारणाऱ्याला चिकटला.

ही निव्वळ रूढी लक्षणा आहे, असे म्हणता येईल. मुख्यार्थाशी संबंधही आहेच : दोन्ही ठिकाणी कोणीतरी हतबल असतो. संपामुळे उपचारांवाचून राहिलेल्या रुग्णाची हतबलता खोटी नव्हे. पण तिच्यासाठी ‘अडवणूक’, ‘कोंडी’, ‘गैरसोय’ हे शब्द उपलब्ध असताना ‘वेठ’च निवडली जाते, तेव्हा रूढीच्या आड प्रयोजन दडलेले असते. जुलमाचा आरोप संपकऱ्यावर ठेवला जातो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कोणावरच येत नाही.

याची कसोटी त्याच भूमीत सापडते. १९४५च्या ऑक्टोबरात वारल्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मागून काम थांबवले. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. आजच्या वाक्प्रचाराने हा संप वर्णावयाचा, तर वारल्यांनी जमीनदारांना वेठीस धरले, असे म्हणावे लागेल! ज्यांनी वेठ मोडली तेच वेठ लादणारे ठरतील.

शब्दाला व्युत्पत्तीच्या खुंट्याला बांधून ठेवावे, असा आग्रह येथे नाही. जिवंत भाषेत ते शक्यही नाही. परंतु अर्थांतरात ज्यांचा अनुभव पुसला जातो, त्यांच्याविषयी वापरणाऱ्याचे काही देणे उरतेच. ‘वेठीस धरले’ असे लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे : येथे कोणाचे श्रम कोणी फुकट घेतले? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो शब्द आपण वापरू नये.