मुदतीची चाकरी व धन्याचा विवेक

एखाद्या धन्याने चाकराशी केलेला करार अक्षरशः पाळिला, ठरलेला पगार ठरल्या दिवशी दिला, आणि मुदत भरताच त्यास निरोप दिला, तर त्या धन्याकडे काही दोष उरतो काय? कायद्याच्या दृष्टीने बहुधा उरत नाही. देवाच्या दृष्टीने उरतो की नाही, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडितो. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतले पुष्कळ तरुण व तरुणी पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या दुकानांत माल मांडण्यास व गल्ल्यावर बसण्यास जातात. आणि त्यांपैकी अनेकांची चाकरी तीन, सहा किंवा अकरा महिन्यांच्या कागदावर असते.

मुदतीचे काम हे मुळातच पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. सुगीत शेतकरी मजूर लावितो, दिवाळीच्या गर्दीत दुकानदार चार माणसे अधिक घेतो. काम संपते म्हणून माणूस जातो, आणि हे दोघांसही आरंभापासून ठाऊक असते. सालगडीदेखील पाडव्यापासून पाडव्यापर्यंतच बांधलेला असे. (त्या पद्धतीची आम्ही स्तुति करीत नाही, उचल फेडता फेडता किती घरे खचली, हे आमच्या वृद्ध वाचकांस सांगावयास नको.) तरी पुढल्या पाडव्यापर्यंत आपली चूल पेटती राहील, इतका भरवसा त्यास असे. मोठ्या दुकानाची गोष्ट निराळी आहे. तेथे काम संपतच नाही. गल्ला तोच, फळ्या त्याच, गिऱ्हाईकही तेच. फक्त गल्ल्यामागचा माणूस बदलतो. तो का बदलतो? पुष्कळदा ह्याचे उत्तर असे असते की, त्याचा काही हक्क उत्पन्न होण्याची वेळ जवळ आलेली असते.

ह्याविषयी दक्षिण कोरियातील एक हकीकत ख्रिस्ती वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी. ई-लँड नावाची कंपनी तेथे सन १९८० मध्ये सेऊल शहरातील कपड्यांच्या एका लहानशा दुकानापासून वाढली. तिचे संस्थापक प्रॉटेस्टंट, देवभीरू म्हणून प्रसिद्ध. निव्वळ नफ्याचा दहावा हिस्सा समाजाच्या कामी द्यावा असा कंपनीचा नियम. सन २००६ मध्ये तिने कार्फूर ह्या फ्रेंच कंपनीची त्या देशातील दुकाने विकत घेऊन त्यांस होमेव्हर हे नाव दिले. पुढे १ जुलै २००७ पासून मोठ्या आस्थापनांस एक नवा कायदा लागू झाला. मुदतीच्या करारावरील माणूस दोन वर्षांहून अधिक काळ कामावर राहिल्यास तो कायमचा समजावा, असे त्यात होते. हेतू दयेचा होता; परंतु फळ निराळेच आले. दोन वर्षे भरण्यापूर्वीच गल्ल्यावरील अनेक बायांचे करार संपविण्यात आले, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानांत गल्ल्याचे काम बाहेरच्या कंत्राटदारांकडे देण्यात आले. ३० जून २००७ रोजी ह्या बाया सेऊल येथील वर्ल्ड कप मैदानाजवळच्या दुकानात ठाण मांडून बसल्या. त्यांत लेकुरवाळ्या पुष्कळ होत्या. सुमारे तीन आठवड्यांनी, २० जुलै रोजी, पोलिसांनी त्यांस उचलून बाहेर काढिले. तंटा ५१० दिवस चालून नोव्हेंबर २००८ मध्ये मिटला. तोवर ती दुकाने दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली होती. इतरांस कामावर परत घ्यावे म्हणून संघटनेच्या काही पुढाऱ्यांनी स्वतःच्या नोकरीवरील हक्क सोडून दिला.

त्या संस्थापकांच्या अंतःकरणाचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण दहाव्या हिश्शाचा प्रश्न आम्ही सोडू शकत नाही. गल्ल्यावरच्या बाईची दोन वर्षे भरू न देण्याने जो पैसा वाचला, त्याचाही दशांश काढिला असेल तर तो कोणाचा? पुदिन्याजिऱ्याचा दशांश चोख देऊन न्याय व दया टाकून देणाऱ्यांस प्रभूने काय म्हटले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे.

काही धनी द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेतात: तेथील धन्यानेही, आपले ठरले होते तितकेच तुला मिळाले, असे मजुरास सुनावले ना? खरे, परंतु हे उत्तर त्याने कमी देण्यासाठी दिले नाही. ज्यांस दिवसभर कोणी कामास लाविले नव्हते, त्यांस करारापेक्षा अधिक दिल्यावर ते दिले. दाखल्यातले अर्धे वाक्य घेऊन उदारपणा मागे ठेवणे, ही शास्त्राची मोडतोड होय.

ह्या पद्धतीने माणसाचे जे नुकसान होते ते केवळ पगाराचे नव्हे. तीन महिन्यांचा कागद हाती असलेल्या मुलास पेढी कर्ज देत नाही, खोलीचा मालक जामीन मागतो, सोयरीक पुढे ढकलली जाते. ताप आला तरी तो उभाच राहतो. वरच्या माणसाने अभद्र शब्द काढिला तर मुलगी तो गिळते, कारण नवा कागद त्याच्याच शिफारशीवर मिळावयाचा असतो. दिवस गेले असता ते लपविणे तिला भाग पडते. प्रसूतीच्या रजेचा हक्क कायद्यात आहे, पण रजेची वेळ येईतो करारच संपला तर तो मागावा कोठे? सन २०१८ मध्ये केरळाने व सन २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानातील नोकरांस बसावयास जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. एवढ्याशा गोष्टीसाठी कायदा करावा लागला! आणि जिचा कागद पुढच्या महिन्यात संपणार, ती खुर्ची मागेल हा संभव थोडाच. ज्याचा उद्या दुसऱ्याच्या मुठीत आहे, त्याची आजची जीभही त्याच मुठीत असते.

आपल्या देशातील कायद्याचा इतिहासही बोधपर आहे. सन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले म्हणजे कामगारास कपातीच्या वेळी सूचना व भरपाई ह्यांचा हक्क मिळे. त्यामुळे २४० दिवस भरण्यापूर्वी मध्येच खाडा पाडण्याची युक्ति निघाली. सन १९८४ च्या दुरुस्तीने, कराराची मुदत संपून नोकरी गेल्यास ती कपात नव्हेच, असे ठरले. सन २०१८ मध्ये मुदतबंद नोकरी सर्व उद्योगांस मोकळी झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेत एक चांगली गोष्ट आहे: मुदतीच्या नोकरास कायमच्या नोकराइतकाच पगार व सवलती, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर. परंतु करार कमीत कमी किती दिवसांचा असावा, व तो कितीदा फिरवून द्यावा, ह्यास मर्यादा नाही. तेव्हा ज्या धन्यास चुकवावयाचे आहे, त्यास अकरा महिन्यांची वाट मोकळीच आहे. कोरियात दोन वर्षांची रेघ होती, येथे एका वर्षाची आहे. रेघेच्या अलीकडे माणसास उभे करून ठेवण्याची कला मात्र एकच.

दुकानदारांस इतके सांगून थांबणे सोपे आहे. पण आमच्या स्वतःच्या शाळा, दवाखाने व वसतिगृहे ह्यांपैकी काहींत परिचारिका, शिक्षक व शिपाई अकरा महिन्यांच्या कागदावर वर्षानुवर्षे काम करीत आहेत, ही गोष्ट मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. पैशाची ओढ असते, हे आम्ही जाणतो. कित्येक कारभारी स्वतःच्या पगाराशिवाय महिने काढितात. तरी जेथे अडचण खरी आहे तेथे ती उघड सांगता येते. करार पुढे चालू न ठेविल्यास त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे: काम संपले, की पैसा संपला, की चाकराचे वर्ष भरत आले म्हणून? पुढील वार्षिक सभेत दानाचे आकडे वाचले जातील. त्यांच्याबरोबर अकराव्या महिन्यात किती जणांस निरोप दिला हाही आकडा वाचावा असे एखाद्या सभासदाने सुचविल्यास, विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही म्हणून अध्यक्षांनी त्यास खाली बसवू नये.