एका होडीच्या दोन सावल्या

विष्णुपुरीला काळेश्वर मंदिराजवळ धरणामुळे तुंबलेली गोदावरी चांगलीच रुंद झाली आहे. शंकरसागर जलाशय तो हाच. मराठवाड्याला समुद्र नाही की बंदर नाही. पण सकाळी इथं काठाला होड्या ओढून लावलेल्या असतात, जाळी वाळत असतात. नांदेडच्या एका तरुण चित्रकाराला तेवढं पुरेसं होतं. जागेवर बसून, तैलरंगात, हे सगळं कॅनव्हासवर आणायचं त्यानं ठरवलं.

उजाडताच त्यानं ईझल उभं केलं. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर फिरवला, होडीचा आकार बांधला आणि तिची लांब निळसर सावली रंगवली. सावली सुरेख उतरली. तासाभरात काठावरची सावली आखडली, तशी त्यानं चित्रातलीही आखडती घेतली. मग पाणी चमकायला लागलं. राखाडी पाणी पुसून त्यानं पिवळसर पांढरं घातलं. ऊन चढलं, मंदिराचा दगड फिकट दिसू लागला, तोही बदलला.

तैलरंगाचा मोह असा असतो. जलरंग काही मिनिटांत वाळतो आणि विषय संपतो. तैलरंगात जवसाचं तेल असतं. आपण भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं, त्याला काही दिवस लागतात. तोवर रंग ओला आणि हात शिवशिवता. दुपार कलली तोवर निळ्यात पिवळा, पिवळ्यात सिएना मिसळून पाण्याचा पार चिखल झाला होता. होडीची सावली अर्धी डावीकडे पडली होती, अर्धी उजवीकडे.

शेजारी एक म्हातारे भोई फाटलं जाळं विणत बसले होते.

"काय झालं रे बापू? तोंड का पाडलास?"

"मामा, ऊन थांबतच नाही. एक धरावं तर दुसरं निसटतं."

म्हातारबांनी जाळं खांद्यावर घेतलं, गुडघाभर पाण्यात गेले आणि कमरेतून गिरकी घेऊन ते भिरकावलं. काठाला ओवलेल्या शिशाच्या मण्यांनी जाळं गोल उघडलं आणि एकदम पाण्यावर पडलं.

"मासा तिकडं गेला म्हणून हे मधीच वळवता येतंय का? फेकायच्या आधी लई बघायचं. फेकल्यावर वढायचं."

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं कामही याच वाटेनं चाले. ल हाव्र बंदरातला त्याचा 1872 चा सूर्योदय प्रसिद्ध आहे. त्यात आहे ती धुक्यातली एक सकाळ, दिवसभराचं ऊन नाही. पुढं 1890-91 मध्ये गव्हाच्या गंजी रंगवताना तो अनेक कॅनव्हास हाताशी ठेवी. प्रकाश बदलला की कॅनव्हास बदली; एकावर दुसरं ऊन चढवत नसे.

तरुणानं पॅलेट नाइफ घेतली आणि दिवसभराचं काम खरवडून काढलं. मला त्याच्या या खरवडण्याचं फार मोल वाटतं. कष्ट गेले म्हणून वाईट चित्र सांभाळून ठेवणारे पुष्कळ असतात.

दुसऱ्या दिवशी तो लहान बोर्ड घेऊन आला. आधी बराच वेळ नुसता बघत बसला. मग पेन्सिलीनं सावल्यांच्या कडा आखल्या, सगळ्यांत आधी त्याच रंगवल्या आणि त्यांच्याकडे पुन्हा वळला नाही. थोड्या वेळानं पाण्यावर सोनेरी पट्टा पसरला, कालच्याहून देखणा. त्यानं तो डोळे भरून पाहिला. ब्रश मात्र होडीच्या लाकडावरच चालत राहिला.

म्हातारबा डोकावले. "ही सकाळची होडी हाय. अजून पाण्यात गेली नाही."

"बरोबर, मामा."

"आन् दुपारची?"

"तिला दुसरा बोर्ड आणलाय," म्हणत त्यानं पिशवी उघडली.