बांधलेल्या जिवाची तहान

मे महिन्यात सूर्य कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो. तामिळ लोक या पंचवीसेक दिवसांना ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात. या काळात चेन्नईत पारा चाळिशीला टेकतो. अण्णा नगरसारख्या वस्त्यांतून ‘तण्णीर पंदल’ उभे राहतात. या आपल्या पाणपोयाच; कुठे कुठे ताकही मिळते. वाटसरूला पाणी देणे हे पुण्य, यात वाद नाही. पण घरी पाळलेल्या कुत्र्याला पाणी आणि सावली देणे हेही पुण्यच का?

मला तसे वाटत नाही. संत एकनाथांनी रामेश्वराला वाहायचे गंगाजल वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण सारे जाणतो. ते गाढव नाथांचे नव्हते, म्हणून ती करुणा. आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा मात्र आपणच घातला आहे. मोकळा प्राणी स्वतः सावली शोधतो, गटारातले का होईना, पाणी शोधतो. बांधलेल्याला ती सोय नाही. त्याची धडपड आपण काढून घेतली, तेव्हा उरते ते ऋण. ‘त्याचे प्रारब्ध’ असे काही जण म्हणतात. साखळीचे दुसरे टोक आपल्या हातात असताना हे म्हणणे सोयीचे आहे, इतकेच.

ऋण फेडायचे तर देह कसा चालतो हे ठाऊक हवे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. समुद्रकाठच्या दमट हवेत धापांचाही उपयोग कमी होतो. चपट्या नाकाच्या पगची अवस्था तर आणखी बिकट. (ते नाक माणसाच्या हौसेनेच घडवलेले!) म्हणून फिरवणे पहाटे किंवा रात्री. डांबरावर आपला उपडा हात सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही तिथे नकोत. धाप थांबेना, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

आपल्या साधकांपैकी बरेच जण सुट्टीत शिबिराला जातात. सकाळी सावलीत असलेल्या बाल्कनीत दुपारी ऊन येते, वाडगे कलंडते, वीजही जाते. शेजारी किल्ली घ्यायला तयार नसतील, तर घरातल्या एकाने त्या वर्षी मागे राहावे. त्याची साधना घरीच होईल.