पुरणे आणि उरणे : इंधनाची काटकसर आणि संयमाचा प्रश्न

इंधनाचे भाव चढले की घरोघरी दोन हिशेब नव्याने मांडले जातात. गाडी लिटरमागे किती किलोमीटर चालते, म्हणजे मराठी माणूस ज्याला सरसकट 'ॲव्हरेज' म्हणतो ते किती पडते, हा एक. आणि स्वयंपाकाचा सिलिंडर किती दिवस पुरला हा दुसरा. हे हिशेब सहसा अर्थशास्त्राच्या आणि यंत्रशास्त्राच्या स्वाधीन केले जातात, परंतु त्यांच्या तळाशी भारतीय धर्मविचाराला फार पूर्वीपासून परिचित असलेला एक प्रश्न आहे. परवडत नाही म्हणून कमी जाळणे, यंत्र सुधारले म्हणून कमी जाळणे आणि इतकेच जाळायचे असे ठरवून कमी जाळणे, या तिन्हींत जळालेल्या इंधनाचे माप एकच आले, तरी कृती एकच ठरते का, असा तो प्रश्न आहे. मराठीने 'पुरणे' आणि 'उरणे' ही दोन क्रियापदे वेगळी राखली आहेत, आणि तो भेद येथे उपयोगी पडतो: पुरणे हे गरजेच्या मापाने ठरते, तर उरणे हे गरज भागल्यानंतर हाती काय राहिले त्यावरून कळते. कार्यक्षम यंत्राने इंधन उरते हे खरे, पण त्या उरलेल्याचे पुढे काय होते याबद्दल यंत्राला काहीच सांगता येत नाही.

'इंधन' हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटवणे या धातूपासून आला आहे आणि यज्ञातील 'समिधा' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. वैदिक कर्मकांडात अग्नीला काय घालावे याइतकेच किती घालावे यालाही महत्त्व होते. समिधा कोणत्या वृक्षाच्या असाव्यात, त्या किती असाव्यात आणि प्रादेश म्हणजे अंगठा व तर्जनी ताणून होणाऱ्या अंतराएवढ्या त्या लांब असाव्यात, असे नियम ग्रंथांनी घालून दिले. ज्या संस्कृतीने अग्नीला देव मानले तिनेच त्याच्या भुकेला माप लावले, ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाही. बौद्ध परंपरेत हा संबंध आणखी खोल जातो, कारण पाली भाषेत 'उपादान' या एकाच शब्दाचा अर्थ अग्नीचे इंधन असाही होतो आणि मनाची घट्ट पकड, आसक्ती असाही होतो. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाशी झालेल्या बुद्धाच्या संवादात, गवत आणि लाकूड संपल्यावर विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला असे विचारता येत नाही, हा दृष्टान्त याच शब्दाच्या आधाराने उभा राहतो. मैत्री उपनिषदही इंधन नसलेला अग्नी आपल्या उगमात शांत होतो तसे वृत्ती क्षीण झालेले मन शांत होते, असे सांगते. या परंपरांनी अग्नीकडे पाहून तृष्णेचे स्वरूप ओळखले. आजचा वाचक उलट दिशेने जाऊन, तृष्णेविषयी त्यांनी जे म्हटले ते खऱ्याखुऱ्या अग्नीला लागू पडते का, हे तपासू शकतो.

ते लागू पडते याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या कोळशाच्या इतिहासात सापडतो. खाणीतले पाणी उपसण्यासाठी न्यूकोमेनने १७१२ च्या सुमारास उभारलेले वाफेचे इंजिन कोळसा अतोनात खाई. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी स्वतंत्र पात्र योजून हा अपव्यय कमी केला आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांच्या कंपनीने जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग मोबदला म्हणून घेण्याची रीत पाडली, म्हणजे कोळशाची बचत हाच विक्रीचा माल झाला. तरीही ब्रिटनचा कोळसा कमी जळला नाही. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात असे दाखवले, की स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडासाठी लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाला, पण १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दहापट झाला. इंधन कमी लागू लागल्याने लोखंड स्वस्त झाले, स्वस्त झाल्याने त्याला नवे उपयोग सापडले आणि त्या उपयोगांनी वाचलेला कोळसा तर गिळलाच, शिवाय आणखी मागितला. महाभारताच्या आदिपर्वातील ययाती, आपल्या मुलाचे तारुण्य मागून घेऊन सहस्र वर्षे भोग भोगल्यावर, हवी घातल्याने अग्नी जसा वाढतो तशी उपभोगाने वासना वाढते या निष्कर्षाला येतो. जेव्हन्सने तोच निष्कर्ष खाणींच्या आकडेवारीतून काढला. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ययाती मराठी वाचकाला कामविकाराचा प्रतिनिधी म्हणून अधिक परिचित असला, तरी अर्थव्यवहाराविषयीही त्याच्या अनुभवात तितकेच शहाणपण आहे.

येथे अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. कार्यक्षमता वाढल्यामुळे वापर वाढण्याच्या या प्रवृत्तीचा अर्थतज्ज्ञांनी पुढे बराच अभ्यास केला आणि खासगी मोटारींच्या बाबतीत तरी वाचलेल्या इंधनाचा काही भागच जादा प्रवासात खर्च होतो, सगळा नव्हे, असे त्यातून बहुधा दिसून आले. म्हणजे चांगल्या इंजिनाने बचत होते, आणि ती खोटी ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु वाचलेले पैसेही कोठेतरी जातातच. पेट्रोलवर वाचलेल्या रकमेतून वर्षातून एक विमानप्रवास वाढला, तर इंधन वाचले की त्याने नुसते रूप बदलले, हे गाडीच्या ॲव्हरेजवरून कळत नाही. लिटरमागे किती किलोमीटर हा यंत्राचा गुण आहे. किती किलोमीटर आणि कशासाठी, हे चालवणाऱ्याने ठरवायचे असते, आणि संयमाचा प्रश्न तेथेच सुरू होतो.

आता पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे महागाईने लादलेल्या काटकसरीकडे वळता येईल. भारतात पेट्रोलच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण २०१० मध्ये आणि डिझेलच्या किमतींवरील २०१४ मध्ये उठले, जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलू लागले आणि मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. अशा वेळी लोक गाडी कमी काढतात, दोन कामे एका फेरीत उरकतात, सिग्नलला इंजिन बंद करतात. हे वर्तन बाहेरून व्रतासारखेच दिसते. जैन तत्त्वज्ञानाने अशा वर्तनासाठी एक नेमकी संज्ञा दिली आहे. निर्जरा म्हणजे आत्म्याला चिकटलेल्या कर्माचे झडून जाणे. ते समजून उमजून केलेल्या तपाने घडले तर ती सकाम निर्जरा, आणि परिस्थितीने लादलेली भूक, तहान, थंडी निरुपायाने सोसल्याने घडले तर ती अकाम निर्जरा. येथे 'अकाम' म्हणजे गीतेतला निष्काम नव्हे, तर ज्यामागे हेतू वा संकल्प नाही असे सोसणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अकाम निर्जरेला देवगतीच्या कारणांत स्थान आहे, म्हणजे ती अगदी निष्फळ मानलेली नाही, पण मोक्षमार्गाचे साधन म्हणून तिची गणना होत नाही. महागाईतल्या काटकसरीचे इतके न्याय्य मोजमाप क्वचितच कोणी केले असेल: तिने इंधन खरोखर वाचते, हवा थोडी स्वच्छ राहते, आणि तरीही भाव उतरताच ती ओसरते, कारण तिच्यामागे माणसाने काही ठरवलेले नसते. इंधनावर कर वाढवून लोकांना संयम शिकवता येतो असे मानणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. करामुळे वापर घटतो हे खरे, पण ज्याच्या खिशाला ती वाढ जाणवतच नाही त्याच्यावर तिचा काही परिणाम होत नाही, आणि सर्वात जास्त इंधन जाळणारा बहुधा तोच असतो.

ठरवून केलेल्या मर्यादेचा विचारही जैन आचारशास्त्रातच सर्वात तपशिलाने झालेला आढळतो, आणि त्याचे कारण त्या दर्शनाच्या जीवविषयक कल्पनेत आहे. या दर्शनानुसार पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हीच ज्यांची शरीरे आहेत असे एकेंद्रिय जीव असतात, आणि म्हणून अग्नी पेटवणे ही मुळातच हिंसा ठरते. साधूला ती पूर्णपणे वर्ज्य आहे, पण गृहस्थाला स्वयंपाक व उपजीविका चुकत नसल्याने त्याच्यासाठी मर्यादेची व्रते सांगितली आहेत. त्यांपैकी दिग्व्रत म्हणजे प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाऊ याची सीमा आखून घेणे, आणि देशावकाशिक म्हणजे ती सीमा एखाद्या दिवसापुरती वा ठरावीक काळापुरती आणखी आवळणे. प्रवासाच्या अंतरालाच व्रताचा विषय करणारी ही कल्पना इंधनाच्या काळात चकित करते. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाला तापलेल्या लोखंडी गोळ्याची उपमा दिली आहे: असा गोळा जेथे जेथे गडगडत जाईल तेथे तेथे जीवांना भाजत जाईल, म्हणून त्याच्या फिरण्याला सीमा असणे हेच हिताचे. पोटात आग घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला ही उपमा जितकी लागू पडते तितकी ती बैलगाडीच्या काळात कशालाही लागू पडली नसती. गृहस्थाने टाळावेत अशा पंधरा व्यवसायांच्या यादीतही आरंभी अंगारकर्म येते, ज्यात कोळसे पाडणे आणि भट्टीवर चालणारे धंदे यांचा समावेश होतो. हे व्यवसाय आज कोणी सोडावेत असा येथे आग्रह नाही. भट्टीशिवाय लोखंड नाही, आणि लोखंडाशिवाय नांगराचा फाळही नाही. लक्षात घेण्याजोगे इतकेच, की या आचारशास्त्राने जाळण्याच्या प्रत्येक कृतीला किंमत आहे हे गृहीत धरले, आणि ती किंमत रुपयांत मोजली नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्त आहार आणि युक्त विहार यांची कल्पना याहून सौम्य आहे. 'युक्त' म्हणजे नेमके, मापात बसणारे. आणि 'विहार' या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी भाष्यात पादक्रम, म्हणजे चालणे, असाच दिला आहे. येथे सीमा किलोमीटरने आखलेली नाही. अति आणि अत्यल्प ही दोन्ही टोके टाळायची आहेत. वाहनाच्या बाबतीत हे मध्यममाप पदार्थविज्ञानालाही मान्य आहे. वाहनाला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. उलट फारच हळू, वरचेवर थांबत चालणारी गाडीही इंधन वाया घालवते. वाहन प्रयोगशाळेत तपासून काढलेला आकडा आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारे ॲव्हरेज यांत जी तफावत पडते, तिच्यात रस्ता, गर्दी आणि ओझे यांच्याबरोबर पायाखालच्या ॲक्सिलरेटरचा, म्हणजे घाईचाही वाटा असतो. घाई हा मनाचा धर्म आहे आणि तिचे बिल पेट्रोलपंपावर येते.

मर्यादेच्या या सगळ्या विचाराला एक अट मात्र आहे, आणि ती विसरली गेली तर संयमाचा उपदेश क्रूर होतो. ज्याला पुरतच नाही त्याच्याकडे उरण्याचा प्रश्नच येत नाही. साध्या मातीच्या चुलीत जळणाऱ्या लाकडातील उष्णतेचा दहा टक्क्यांच्या आसपासच भाग भांड्यापर्यंत पोहोचतो, तर गॅसच्या चांगल्या शेगडीत तो साठ टक्क्यांहून अधिक असतो. बाकीची उष्णता वाया जाते, चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि लाकूड डोक्यावरून वाहून आणण्याचे श्रमही तिचेच असतात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी पोहोचली, पण १४.२ किलोचा सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे नाहीत म्हणून अनेक घरांत चूल पेटतीच राहिली. अशा घरात शेगडी सुधारल्याने किंवा गॅस स्वस्त झाल्याने इंधनाचा वापर वाढला, मुलांच्या अंघोळीला गरम पाणी मिळाले, भाकरीबरोबर कालवण शिजू लागले, तर जेव्हन्सच्या गणितात ती बचतीतली घट दिसेल. पण धर्मविचाराच्या दृष्टीने तीच कार्यक्षमतेची सर्वात सार्थ परिणती आहे. परिमाणव्रत, म्हणजे आपल्या संग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत, घेणाऱ्याजवळ परिमाणाहून अधिक मिळवण्याची शक्ती असावी लागते. जिच्याजवळ ती नाही तिच्या उपाशीपणाला अपरिग्रह म्हणता येत नाही.

दिग्व्रताबाबतही हीच अडचण उभी राहते. आपण कोठवर जायचे हे ज्याचे त्याला ठरवता येत असेल तरच त्या व्रताला अर्थ आहे, आणि बदलापूर किंवा विरारसारख्या ठिकाणी घर परवडते म्हणून राहणाऱ्या व मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाची सीमा घरांच्या किमतींनी आणि कचेऱ्यांच्या जागांनी आधीच आखून दिलेली असते. अशा प्रवासातले इंधन कोणाच्या खात्यावर मांडायचे, या प्रश्नाला जैन आचारशास्त्राने एका जुन्या त्रयीतून उत्तर दिले आहे: कर्म स्वतः केलेले म्हणजे कृत, दुसऱ्याकडून करवलेले म्हणजे कारित आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले म्हणजे अनुमोदित, अशा तिन्ही प्रकारे बांधले जाते. दहा मिनिटांत घरपोच मिळावी म्हणून मागवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी एखादा तरुण भर गर्दीत दुचाकी दामटतो तेव्हा पेट्रोल त्याच्या टाकीतले जळते, बहुधा त्याच्याच पैशाचे जळते, आणि घरी बसून वाट पाहणाऱ्याची गाडी त्या दिवशी जागची हललेलीही नसते. या त्रयीच्या हिशेबात ते इंधन करवणाऱ्याच्याही नावावर लिहिले जाते.