दुकान बदलताना

न्हावी बदलला की माणूस महिनाभर जुन्या न्हाव्याच्या गल्लीतून जात नाही. उधारी नसते, भांडण नसतं. तरी तोंड चुकवावंसं वाटतं. मी नुकतीच फोटोंची एजन्सी बदलली. मला मात्र चुकवायला समोर तोंडच नाही! पेढी परदेशात, ओळख फक्त पासवर्डाची.

ही एजन्सी म्हणजे काय भानगड? आडतच म्हणा ना. सोलापूरच्या मार्केट यार्डात शेतकरी कांदा टाकतो, तसे आम्ही फोटो टाकतो. गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज, सिद्धेश्वराचं तळं, मागावरची चादर. जगात कुणी फोटो वापरायचा परवाना घेतला, की आडत्या आपला वाटा कापून उरलेले सेंट आमच्या खात्यावर टाकतो. २०२० च्या जूनमध्ये शटरस्टॉक या बड्या पेढीनं दर फिरवले, तेव्हा एका फोटोमागे किमान १० सेंट ठरले. शिवाय कमाईची पायरी दर १ जानेवारीला पुन्हा पहिली. संक्रांतीच्या आधीच संक्रांत! माझी पेढी निराळी, पण त्याच आळीतली.

"मग इतक्या वर्षांची निष्ठा?" सौभाग्यवतींनी विचारलं. आता बघा, ऊसतोडीचा मुकादम टोळीला उचल देऊन बांधतो. आमची पेढी न देऊन बांधते! ठरावीक रक्कम साठेपर्यंत हाती काही येत नाही, आणि सोडावं तर साठलेलं बुडेल ही धास्ती. जिथं अटी एकटाच बदलू शकतो, तिथं दुसऱ्याच्या निष्ठेला निष्ठा म्हणत नाहीत, सवय म्हणतात. सबब पेढी सोडण्यात पाप नाही, असा निकाल मी माझ्याच बाजूनं दिला.

पण खटला तिथं संपेना. चादरीच्या फोटोत यंत्रमागावरचे एक मामा आहेत. त्यांनी संमतीपत्रावर सही केलेली. त्या कागदाच्या जोरावर मी त्यांना कुठल्याही पेढीत नेऊ शकतो, न विचारता. पेढीनं मला न विचारता दर बदलले, तो अन्याय. आणि मी मामांना न विचारता पेढी बदलली, तर तो व्यवहार?

म्हणून विचारायला गेलो. माग खडखडत होता. मामा म्हणाले, "मी दोन कारखाने सोडले, मालक. चादरी तिथंच ऱ्हायल्या. तुमचं बरंय, माल बी नेता आन् मला बी नेता!" मग हसून म्हणाले, "न्या की! पण तिकडं माझा भाव काय हाय?"

मी आकडा पुटपुटलो. मामांनी हात कानामागं धरला. "मोठ्यानं बोला की!"

आता त्या फोटोचा निम्मा वाटा मामांचा ठरलाय. वर्षाचा हिशेब केला तरी एक कप चहा होईल की नाही, कोण जाणे. पण त्यांनी एक अट घातली: दर बदलायचा झाला, तर आधी त्यांना विचारायचं. पेढीचा करार मी दोनदा वाचला. एवढं एक कलम त्यात सापडलं नाही.