दुसरी वाट

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून मोशी मागें टाकली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला कीं खेड तालुका लागतो, व थोड्याच वेळांत चाकण येतें. या रस्त्याच्या कडेला बाराही महिने कोठें ना कोठें खोदाई चाललेली असते. कधीं पाण्याचा नळ, कधीं विजेची केबल, कधीं गटार, कधीं रस्त्याचेंच रुंदीकरण. जेसीबीचा पंजा जमिनींत उतरतो, मातीबरोबर एक रंगीत नळी वर येते, ताणते व तुटते; आणि त्याच क्षणीं दोन कोसांवरच्या एखाद्या कारखान्यांतील संगणक मुके होतात. यंत्र चालविणाऱ्यास याची वार्ताहि नसते. त्याला माती काढण्यास सांगितलेलें असतें. मातीखालीं काय आहे हें कोणीं सांगितलेलें नसतें, आणि पुष्कळदां सांगणाऱ्यासहि तें ठाऊक नसतें.

हा मनुष्य दोषी म्हणावा काय? आपल्याकडील नीतिविचार बहुधा हेतूवरून दोष ठरवितो, आणि येथें हेतु तर निष्पाप आहे. परंतु अडलेला निरोप एखाद्या रुग्णवाहिकेसाठींहि असूं शकेल. अज्ञान हा दोष नसला, तरी जाणून घेण्याची सोय असतांना न जाणणें हा दोष आहे असें आम्हांस वाटतें. आणि तो यंत्र चालविणाऱ्याच्या माथीं न मारतां त्याच्या मागें उभ्या असलेल्या ठेकेदाराकडे व ठेकेदारास काम देणाराकडे पाहिलें पाहिजे. मार्च २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ‘कॉल बिफोर यू डिग’ या नांवाची मोबाईलवरील सोय काढली. खोदणारानें आधीं कळवावें, म्हणजे त्या जमिनीखालीं ज्यांच्या नळ्या व केबली आहेत त्यांना वर्दी जाते. कोलकत्त्यापासून डायमंड हार्बरपर्यंत १८५१ सालीं या देशांतील पहिली तार सुरू झाली; खोदण्यापूर्वीं विचारावें हें सुचण्यास तेव्हांपासून पावणेदोनशें वर्षें लागलीं!

पण आमच्या मनांतील प्रश्न याहून थोडा निराळा आहे. २०२३ सालीं संसदेनें दूरसंचाराचा नवा कायदा केला, आणि १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्याची जागा घेण्यास तो पुढें आला. ज्या जाळ्याच्या नाशानें राष्ट्राची सुरक्षितता, अर्थव्यवहार, लोकांचें आरोग्य किंवा त्यांचा जीव धोक्यांत येईल, तें जाळें अत्यावश्यक म्हणून जाहीर करण्याचा अधिकार या कायद्यानें केंद्र सरकारास दिला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याखालीं नियमहि झाले. हें सर्व योग्यच आहे. मात्र ‘अत्यावश्यक’ हा शब्द एकटा उभा राहूं शकत नाहीं. कोणाला अत्यावश्यक, आणि कोणापासून सुरक्षित, हें विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाहीं.

चाकणच्या एखाद्या मोठ्या मोटारकारखान्याचें उदाहरण घ्या. तेथें महिन्याभराचा सुटा माल कोठारांत रचून ठेवण्याची जुनी पद्धत आतां राहिलेली नाहीं. कोणत्या रंगाची गाडी कितव्या क्रमांकानें पट्ट्यावर येणार हें संगणक ठरवितो, आणि त्या क्रमानें आसनें वा चाकें घेऊन गाड्या दाराशीं येतात. भोसरींतील एखादा लहान कारखानदार सकाळीं काय करणार हें आदल्या रात्रीं आलेल्या निरोपावर अवलंबून असतें. म्हणून असे कारखाने संदेशाच्या दोन वाटा राखतात. एका कंपनीची केबल तुटली तर दुसऱ्या कंपनीची चालते. दुसरी वाट राखणें हेंच या धंद्यांतलें खरें शहाणपण. भिंती कितीहि उंच बांधल्या तरी तार केव्हां तरी तुटणारच.

आणि येथेंच एक गमतीची गोष्ट घडते. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलें. परंतु रस्त्याची परवानगी एकदांच मिळते, चरहि एकदांच खोदला जातो, आणि दोन्ही केबली एकाच चरांत शेजारीं शेजारीं निजतात. मग जेसीबीचा एकच पंजा दोन्ही वाटा एकदम बंद करतो. कागदावर दोन असलेलें जमिनींत एक असतें. हा भ्रम केवळ आपल्याकडचाच नव्हे. ८ जुलै २०२२ रोजीं कॅनडांत रॉजर्स या कंपनीचें जाळें देखभालीच्या कामांतील एका फेरबदलामुळें कोलमडलें. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचें बोलणें थांबलें. बँकांच्या कार्डांचा व्यवहार पाहणारी इंटरॅक ही संस्था त्याच कंपनीवर विसंबून होती, म्हणून देशभर दुकानांत कार्डानें पैसे देतां येईनात. याहून मौजेची गोष्ट ही, कीं बिघाड दुरुस्त करणाऱ्या माणसांचे फोनहि त्याच जाळ्यावर होते. त्यामुळें बिघाड कोठें आहे हें त्यांना एकमेकांस सांगतां येईना.

दुसरी वाट राखण्यास खर्च येतो, आणि ती रोज उपयोगी पडत नाहीं, म्हणून हिशेबी माणसास ती उधळपट्टी वाटते. या बाबतींत आमच्याच परिसराचा एक जुना दाखला आहे. १९२७ सालीं खडकीस, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, ‘बीम’ पद्धतीचें बिनतारी केंद्र उभें राहिलें. येथून विलायतेस संदेश जात, व तिकडून येणारे दौंडला घेतले जात. समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या केबलीपेक्षां ही वाट इतकी स्वस्त पडली कीं केबल कंपन्यांचें धाबें दणाणलें. हिशेबी न्यायानें केबल बुडावयास हवी होती. पण ब्रिटिश साम्राज्याच्या चालकांनीं १९२८ मध्यें परिषद भरवून विचार केला, कीं आकाशांतून गेलेला शब्द शत्रूलाहि ऐकूं येतो, युद्धाच्या वेळीं समुद्रतळची वाट लागेल. आणि १९२९ मध्यें दोन्ही धंदे एका कंपनीत आणून केबल जगविली. राज्यकर्त्यांना स्वतःची दुसरी वाट राखण्याची किंमत समजते, व ते ती देतात, एवढें यावरून दिसतें. ती किंमत कोणासाठीं दिली जाते हें वेगळें पाहावें लागतें.

कारण त्याच चाकणच्या आसपास महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी अशा गांवांतील एकेका खोलींत चार-पांच कंत्राटी कामगार राहतात. कोणी मराठवाड्यांतून आलेला, कोणी विदर्भांतून, कोणी बिहार वा ओडिशाहून. उद्यां पाळी आहे कीं नाहीं हें ठेकेदार मोबाईलवर कळवितो. पगार बँकेंत जमा होतो, आणि ती बँक त्याच्यापुरती मोबाईलांतच असते. घरीं पैसे तेथूनच जातात, आणि मूल आजारी असल्याची बातमीहि तेथूनच येते. कारखान्याला दोन वाटा आहेत, याला एकच. वीज जाऊन जवळच्या टॉवरची बॅटरी संपली, कीं कारखान्यांत जनित्र सुरू होतें व याच्या हातांतला फोन मुका होतो. एकाच प्रदेशाच्या सुरक्षिततेविषयीं आपण बोलतों खरे, परंतु ती सर्वांच्या वांट्यास सारखी आलेली नाहीं. अशा वेळीं जाळ्याची मजबुती कोणावरून मोजावी? आमच्या मतें ज्याला सर्वांत कमी वाटा आहेत त्याच्यावरून.

आतां त्याहून अवघड भाग. तार अज्ञानानें तुटते, वादळानें तुटते, क्वचित् वैऱ्याच्या हातूनहि तुटते. पण ती रक्षकाच्या हुकुमानेंहि बंद होते. ३० जुलै २०१८ रोजीं मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळीं चाकणला मोठा हिंसाचार झाला, बसगाड्या जाळल्या गेल्या, आणि जमावबंदी लागू करावी लागली. पुढें ९ ऑगस्टला महाराष्ट्र बंदची हांक आली, तेव्हां खबरदारी म्हणून पुणे जिल्ह्यांतील सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें. खेड तालुका त्यांपैकीं एक. आंतरराज्य मालासाठीं ई-वे बिलाची सक्ती त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सुरू झाली होती. म्हणजे माल कारखान्याबाहेर काढण्यासाठीं इंटरनेटवरून कागद घेणें एका सरकारी नियमानें आवश्यक केलें, आणि सुमारें चार महिन्यांनीं दुसऱ्या सरकारी हुकुमानें तें इंटरनेटच थांबविलें. बंदमुळें त्या दिवशीं पुष्कळ कारखाने मिटलेलेच होते, म्हणून ही विसंगति कोणाच्या डोळ्यांवर आली नाहीं.

सरकारची बाजू हलकी मानणें अन्यायाचें होईल. दहाच दिवसांपूर्वीं ज्या गांवांत आग लागली होती, तेथें एखादी खोटी अफवा क्षणांत हजारो हातीं पोंचणार असेल, आणि तिच्यानें एखाद्याचें घर जळणार असेल, तर तें थांबविण्याचें साधन हातीं असतांना न वापरणारा अधिकारी कोणत्या तोंडानें उत्तर देईल? हा युक्तिवाद आम्हांस पोकळ वाटत नाहीं. परंतु अफवा थांबते तसा तिचा खुलासाहि थांबतो. इंटरनेट नव्हतें तेव्हांहि १८५७ सालीं चपात्या गांवोगांव फिरल्याच होत्या. शिवाय साधें बोलणें चालू ठेवलें तरी, हातांतल्या मोबाईलवर ज्याची बँक व मजुरी दोन्ही अडकलेलीं आहेत तो अफवाबाजाबरोबर भरडला जातो, आणि ज्याला दुसरी वाट आहे तो सुटतो.

येथें एक जुनी आठवण निघणें अपरिहार्य आहे. १९४२ च्या चळवळींत साताऱ्याकडे व इतरत्र आपल्याच लोकांनीं तारा तोडल्या, आणि त्यांना आपण देशभक्त म्हणतों. आज तीच गोष्ट करणाऱ्यास तुरुंगांत घालावें असेंहि आपणच म्हणतों. यांत दुटप्पीपणा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या तारेवरून राज्यकर्ता बोलत होता. सामान्य शेतकरी आयुष्यांत एखादीच तार घेई, आणि तीहि मरणाची. आजच्या तारेवरून तोच शेतकरी बाजारभाव विचारतो. म्हणजे तारेची पवित्रता तारेंत नसते, तिच्यावरून कोण बोलतो यांत असते. पण याच न्यायानें पुढचेंहि मान्य करावें लागतें. संकटकाळीं संदेश अडविण्याचा अधिकार १८८५ च्या कायद्यानें परक्या सत्तेनें स्वतःकडे घेतला होता. त्याच कायद्याखालीं २०१७ चे बंदीचे नियम झाले, आणि २०२३ च्या कायद्यांतहि तो अधिकार शाबूत आहे. बोलणारे बदलले, तोंड दाबणारा हात मात्र त्याच जागीं राहिला.

१० जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें काश्मीरच्या प्रकरणांत सांगितलें, कीं असे हुकूम प्रसिद्ध झाले पाहिजेत, ते कामापुरतेच व गरजेइतकेच असले पाहिजेत. २०२४ च्या नियमांत कारणें लेखी देण्याचें बंधन व १५ दिवसांची मर्यादा आहे. हें चांगलेंच झालें. पण एक तुलना आम्हांस खटकते. दूरसंचार-सुरक्षेला बाध येणारी घटना घडली तर कंपनीनें ६ तासांच्या आंत सरकारला कळविलें पाहिजे. सरकारनें स्वतः जाळें बंद केलें तर त्या हुकुमाची तपासणी करणारी समिति ५ दिवसांच्या आंत बसली तरी चालतें. बहुतेक बंदी तोंवर उठलेली असते. बंदी कधींच घालूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. बंद करणारानें, आपण ज्यांची एकुलती वाट मिटवीत आहों ते कोण, त्यांच्या मजुरीचें व पैशाचें त्या दिवशीं काय होईल, हें हुकूम काढण्यापूर्वीं लिहून काढावें, आणि त्याचें उत्तर नसेल तर सही करण्यापूर्वीं थांबावें. वादळाच्या वेळीं एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीच्या टॉवरवरून बोलूं देण्याची व्यवस्था अलीकडे केली जाते. निसर्गाच्या कोपांत जी दुसरी वाट उघडतां येते, तिचा विचार मनुष्याच्या कोपांतहि करतां येईल.

खेड तालुक्यांत इंटरनेट नव्हतें त्या गुरुवारीं, अलीकडे हवेलींत तें बंद नव्हतें. आमच्या ओळखीचा एक कामगार कुरुळीहून चालत इंद्रायणीच्या पुलापर्यंत आला, मोशीच्या बाजूस उतरला, रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यानें गांवीं बहिणीला औषधाचे पैसे पाठविले, आणि आल्या वाटेनें परत गेला. त्याच्यासारखे आणखी दहा-बाराजण तेथें फोन हातांत धरून उभे होते, असें तो म्हणाला.